मावशीचं निवांत जेवण

माझी मावशी शिंपीण होती, पण शिवायची कमी आणि उसवायची जास्त. अंगाला येईनासे झालेले कपडे लोक तिच्या दुकानात आणून टाकत. कुणाला कमरेत सोडून हवं, कुणाला खांद्यात घेऊन हवं. तोंडात टाचण्या धरून ती माप घ्यायची आणि गिऱ्हाईक गेलं की टाचण्या काढून निदान सांगायची. "हिचं घरी भांडण चाललंय. रागानं खातेय. बघ, कंबर केवढी सुटली." किंवा, "ह्याची मुलगी दूर गेली. ताटावर बसतो आणि तसाच उठतो." मी शेजारच्या मशीनवर काज-बटणं करायचे. मला हे सगळं थोतांड वाटायचं, पण पुढच्या खेपेला गिऱ्हाईक स्वतःच तेच रडगाणं गायचं.

स्वतःच्या जेवणाबद्दल मात्र ती एकच वाक्य बोलायची. "एकदा मला निवांत जेवायचंय गं."

काका, म्हणजे मावशीचे यजमान, पुस्तकं बांधायचं काम करत. कागदाची धूळ आणि खळीचा वास ह्यांत जन्म गेला आणि शेवटी छातीनं दगा दिला. दुकानाच्या मागेच घर. आतल्या खोलीत त्यांची खाट, बाहेर ओट्याजवळ जेवायचं टेबल. मावशी खुर्चीवर कधी सरळ बसली नाही. तिरकी बसायची, एक पाय दाराकडे. घास तोंडात घ्यायची, चावायची, गालात धरून ठेवायची. आतून खोकला आला की गिळायची आणि "आले हं" म्हणत उठायची. काकांना उठवून बसवायचं, पाठ चोळायची, पाणी द्यायचं. परत येईपर्यंत भाताचं थंड ढेकूळ झालेलं असायचं. तेही ती तसंच संपवायची.

काका मोठे चेष्टेखोर. आतून ओरडायचे, "मी गेल्यावर जेव निवांत!"

"जाताय कुठे एवढ्यात? आधी औषध घ्या," मावशी म्हणायची. ते हसायचे, हसता हसता खोकायचे आणि ही पुन्हा उठायची.

एक दिवस ते खरंच गेले.

मी तिच्याकडे राहायला आले. येणारीजाणारी माणसं पांगल्यावर आतली खोली झाडून घेतली, खाटेवर धुतलेली चादर घातली, टेबल पुसलं. गरम भात, भाजी, वर एक उकडलेलं अंडं. खुर्ची सरळ करून तिला बसवलं आणि म्हटलं, "घे. आता निवांत जेव."

ती सरळ बसली. घास घेतला. चावला. चावतच राहिली. घर इतकं शांत होतं की तिच्या दातांचा आवाज मला ऐकू येत होता. शेवटी तिने तो घास हातात काढला आणि माझ्याकडे ओशाळून बघितलं. "उतरत नाही गं."

डॉक्टर म्हणाले, घशात काही नाही. शेजारीण म्हणाली, दुःख आहे, ओसरेल. ओसरलं नाही. चहा जायचा, दूध जायचं, घास जायचा नाही. मावशी स्वतःचे ब्लाउज आत घ्यायला लागली. एकदा घेतले, पुन्हा घेतले. मग एका दुपारी तिने एक ब्लाउज उलटा करून माझ्यासमोर धरला आणि हसली. दोन्हीकडच्या शिलाया एकमेकींना भिडायला आल्या होत्या. "आता ह्यात घ्यायला काही उरलं नाही," ती म्हणाली. मला तिच्या हसण्याचा राग आला, आणि भीती त्याहून जास्त वाटली.

त्याच आठवड्यात ती दुकानात पावाचा तुकडा चघळत बसलेली असताना एक गिऱ्हाईक दारात खोकलं. मावशीने चटकन घास गिळला आणि उठली. "आले हं."

माझ्या हातातली सुई तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी तिला वाढून दिलं आणि चादरी घडी करायच्या निमित्ताने मी आत गेले. खाटेच्या कडेला बसले आणि खोकले. बाहेर खुर्ची सरकली. "आले हं." ती पाणी घेऊन आली, पेला खाटेजवळच्या स्टुलावर ठेवला. माझ्याकडे पाहिलंच नाही, पाहिलं ते उशीकडे. परत जाऊन पुढचा घास घेतला. मी त्या दिवशी घसा फाटेस्तोवर खोकले, आणि ती अख्खं ताट जेवली.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे गेले एक, आणि खोड राहिली दुसरीकडे.

मग रोजचंच झालं. ब्लाउजच्या शिलाया एकेक करून सुटायला लागल्या, तिच्या गालांवर पुन्हा थोडं मांस आलं. मला मात्र त्या खाटेवर बसवेना. उशी धुतलेली होती, तरी तिला मधोमध खळगा पडायचा. मी हाताने सारखी करायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच.

एकदा बाजारात मला उशीर झाला. धावतपळत आले, दाराला किल्ली लावली, आणि आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आले हं."

मी आत गेले तेव्हा मावशी आतल्या खोलीतून बाहेर येत होती. ताट चाटूनपुसून स्वच्छ. आत स्टुलावर पाण्याचा पेला.

"मावशी, मी आत्ता आले. मी खोकले नाही."

"माहीत आहे. तुझा खोकला मला पहिल्यापासून माहीत आहे. तू एका वेळी एकदाच खोकतेस. ते दोनदा खोकायचे. एक मोठा, मागून एक बारीक."

"मग उठत कशाला होतीस?"

"पोरगी एवढी खोकतेय, तिला पाणी नको द्यायला?"

माझे डोळे भरून आले. पिशवी खाली ठेवत मी विचारलं, "आणि आज?"

मावशीने ताट धुऊन उपडं घातलं, हात पुसले.

"आज दोनदा आला," ती म्हणाली, आणि टाचण्या तोंडात धरून दुकानात गेली.