टाकीमागच्या लाल पट्ट्या

मागच्या रविवारी माझी पुरती जिरली. सांगायला लाज वाटते, पण आळ मी चारचौघांत घेतला होता... तेव्हा कबुलीही चारचौघांतच द्यायला हवी.

आम्ही हैदराबादेत, कुकटपल्लीत, तिसऱ्या मजल्यावर राहतो. समोरच्या फ्लॅटमध्ये पद्मावती मॅडम आणि त्यांचा मुलगा. मॅडम ज्युनियर कॉलेजच्या रिटायर्ड लेक्चरर, मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली. दहा वर्षांचा शेजार... त्यांचं गोंगुऱ्याचं लोणचं आमच्याकडे, आमचं येसर त्यांच्याकडे.

मग राज्याचे दोन तुकडे व्हायची वेळ आली, इकडे तेलंगणा, तिकडे आंध्र, आणि मॅडम मूळच्या आंध्रकडच्या. तीन वर्षांपूर्वी, आंदोलनाच्या दिवसांत, एकदा जिन्यात मी त्यांना "तुम्ही लोक आता जा की तिकडे" असं बोलून गेलो. मी माफी मागितली नाहीच, वर घरात फर्मान काढलं, त्या घरात कुणी पाऊल टाकायचं नाही.

आता दोन राज्यांत सरकारी नोकरदारांच्या वाटणीच्या याद्या लागल्या. मॅडमच्या मुलाचं नाव तिकडच्या राज्यात गेलं आणि बुधवारी ते घर सोडणार असं ठरलं.

नेमकं त्याच आठवड्यात गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे मला पिळलेलं लिंबू दिसलं. शेजारी कागदाच्या पट्ट्या, काही हळदीच्या रंगाच्या, काही लालभडक. दुसऱ्या दिवशी तिथेच एक वाटी, तळाशी पांढरी पूड. तिसऱ्या दिवशी तसलीच एक लाल पट्टी थेट आमच्या पायपुसण्यावर!

आमचं घराणं बौद्ध, मूळ नांदेडकडचं. अंगारे-धुपारे, उतारे आमच्या उंबऱ्यापाशी फिरकत नाहीत. तेव्हा भानामतीवर माझा विश्वास बसला असं नाही... पण तिचा धाक घालून कुणीतरी आम्हाला घाबरवू पाहतंय, यावर शंभर टक्के बसला. स्वभावच असा आहे माझा. दूधवाला जरा मोठ्याने 'नमस्ते' म्हणाला की मी दुधात पाणी शोधतो.

पाळत ठेवली. मॅडम रोज संध्याकाळी झाकलेला डबा घेऊन वर जायच्या... झालं, खात्रीच पटली. जाणारा माणूस जाता जाता राग काढतो म्हणतात ना.

शनिवारी पट्ट्यांचा फोटो काढून अपार्टमेंटच्या ग्रुपवर टाकला. 'जाता जाता कुणीतरी जादूटोणा करतंय. गच्चीला कुलूप लावा.' नाव लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती, जाणारं घर एकच होतं. चौथ्या मजल्यावरून लगेच उत्तर आलं, 'वो आंटी रोज ऊपर जाते.' मला बरं वाटलं... खरंच सांगतो, बरं वाटलं.

रविवारी सकाळी गच्चीकडे जाणाऱ्या पावलांची चाहूल लागली. चोराला रंगेहाथ पकडायचं म्हणून मी दबकत जिना चढलो.

टाकीमागे मॅडम बसल्या होत्या. आणि त्यांच्यासमोर, मांडीवर वही घेऊन, आमची सुजाता.

माझी मुलगी इंटरला, म्हणजे आपल्या बारावीला आहे, डॉक्टर व्हायचंय तिला. मागे केमिस्ट्रीत सपशेल आपटली तेव्हा मी तिला नाही नाही ते बोललो होतो. त्यानंतर तिने मार्क दाखवणंच बंद केलं... मी समजलो, सुधारली.

"पप्पा, आंटी मला शिकवतात. त्यांच्या घरी जायचं नक्को म्हणलात ना तुम्ही... म्हणून इथं."

पट्टी तिच्याच वहीतून पायपुसण्यावर पडली होती. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला साधा कागद. धुण्याच्या सोड्याने लाल होतो, लिंबाने पुन्हा पिवळा. आम्ल कोणतं, अल्कली कोणतं, हे ओळखायची घरगुती युक्ती... ही माझी भानामती!

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. आधी चालू धडा पुरा केला. समोर दोन वाट्या, एकीत पाणी, एकीत दूध, दोन्हींत एकेक पिवळी पट्टी बुडवलेली. दोन्हींत सोड्याच्या पाण्याचा एकेक थेंब टाकला. पाण्यातली पट्टी लाल झाली, दुधातली पिवळीच राहिली.

"देखो सुजाता, पानी एक बूंद में बदल गया. दूध संभाल लिया. अपना खून भी ऐसाच, सेल भी ऐसाच. बाहर से कुछ भी आने दो, अंदर ज्यादा हिलना नक्को. हिला तो सेल मर जाता."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ग्रुप पे पढ़ी मैं, कल."

म्हणजे काल वाचूनही आज त्या माझ्या मुलीला शिकवायला आल्या होत्या.

आमच्या गावात एका विधवेवर भानामतीचा आळ घेऊन तिला गावाबाहेर काढलं होतं. वडील ते सांगायचे आणि म्हणायचे, शिका रे, म्हणजे तुमच्या हातून असं होणार नाही. मी शिकलो, बँकेत ऑफिसर झालो... आणि फोनवर दोन ओळी लिहून तेच केलं.

तिथेच उभं राहून ग्रुपवर लिहिलं, पट्ट्या माझ्या मुलीच्या आहेत, मॅडम तिला आपणहून शिकवतायत, मी खोटा आळ घेतला. मॅडमची हात जोडून माफी मागितली. जिन्यातल्या त्या वाक्याचीही.

त्यांनी माझ्या हातात एक लाल पट्टी आणि अर्धं लिंबू दिलं. मी पिळलं. पट्टी पिवळी झाली, कडेला तांबूस डाग तेवढा राहिला. "थोड़ा दाग रहता," त्या म्हणाल्या, "चलता."

उरलेले धडे तीन संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात झाले, गच्चीवर नाही. बुधवारी त्यांचं सामान टेम्पोत चढवायला मी होतो. निघताना त्यांनी सुजाताच्या वहीवर आपला नवा नंबर लिहून दिला. अडलं की फोन कर म्हणाल्या.

आता समोरच्या दाराला कुलूप आहे. काल सहज मोजलं... आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत चार पावलं. तीन वर्षांत तेवढी मला टाकता आली नाहीत.