बॉनेटवरचं नाक

पत्र्याच्या कामात माझ्यासारखा हात नाही, असं आमच्या घाटकोपरच्या गॅरेजमध्ये दहा वर्षं सगळे म्हणत होते. मला ते ऐकायची सवय लागली होती. मग तो आला. आला कसला, मीच आणला. माझ्या गावचा, शाळेत एका बाकावर बसलेला. गावी हाताला काम नव्हतं, म्हणून मालकांना गळ घालून मी त्याला कामाला लावला आणि आमच्याच खोलीत ठेवून घेतला. दोन वर्षांत गिऱ्हाइकं त्याला शोधत यायला लागली. घरी बायको सुरमईची मधली तुकडी त्याच्या पानात वाढायची. "पाहुणे आहेत ना," म्हणायची. दोन वर्षं राहिलेला माणूस पाहुणा कसा, हे मी कधी विचारलं नाही. पण तुकडी दिसायची.

त्याच साली मालक मुलुंडला दुसरी शेड घेत होते. आमच्यापैकी एक जण तिथे मिस्त्री म्हणून जाणार, एवढंच ते बोलले होते. कोण, ते नाही. मला ती शेड हवी होती. खरं सांगायचं तर त्याला ती मिळू नये, हे जास्त हवं होतं.

अशात दिंडोशीच्या डोंगरातल्या एका खाणवाल्याची जीप आली. मिलिटरीच्या लिलावात घेतलेली, दणकट, पण दुपारच्या उन्हात खाणीचा चढ चढताना तिचा दम जायचा. खाणवाल्याने कुठल्याशा परदेशी मासिकातला फोटो आणला होता. त्यातल्या गाडीच्या बॉनेटवर पुढे तोंड असलेला एक उंचवटा होता, बाहेरची थंड हवा आत घेणारा. "असलं नाक बसवून द्या," तो म्हणाला.

मालकांनी काम आधी मला दिलं. मी बॉनेटला भोक पाडलं, वर पत्र्याची चौकोनी पेटी ठोकली आणि कडा डाग देऊन बंद केल्या. दिसायला टपालपेटी. गाडीत फरक शून्य. माझ्या त्या गाववाल्याने बॉनेट उघडलं, आत हात घातला आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मेल्या, नुसता भोक पाडून काय उपयोग? इंजिन आतली गरम हवाच ओढता."

चारचौघांत बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. हळू बोलला, म्हणून जास्त झोंबलं.

मग काम त्याच्याकडे गेलं. त्याने आधी वर्तमानपत्राचा कागद कापून बॉनेटवर ठेवून पाहिला. पुन्हा कापला. असं तीन दिवस चाललं होतं आणि मी मनात म्हणत होतो, शिंपी झालाय साला. चौथ्या दिवशी त्याने पत्रा लाकडी मोगरीने असा वळवला की सांधा बोटाला लागेना. नाकाच्या बुडाला ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर लावून त्याने ते थेट एअर क्लीनरवर घट्ट बसवलं, म्हणजे इंजिनाला बाहेरचीच हवा मिळावी. मी येता-जाता त्यात खोट शोधत होतो. सापडली नाही, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

ट्रायलला आम्ही खाणीवर गेलो. आमच्यात नवं काम नारळ-हाराशिवाय निघत नाही, आणि हार घालायचा मान जुन्या माणसाचा, म्हणजे माझा. इंजिन चालू होतं. तो खाली वाकून चाकं बघत होता. झेंडूचा जाडजूड हार मी नाकावर बांधला, तर त्याची अर्धी माळ तोंडासमोर लोंबायला लागली. त्यातलं आंब्याचं एक सुटं पान माझ्या डोळ्यांदेखत आत ओढलं गेलं.

मला तेव्हाच कळलं. हार वीतभर मागे सरकवायचा होता, बस. मी हातात नारळ घेतला आणि फोडला.

तो स्टिअरिंगवर बसला. गाडी अर्धा चढ झकास गेली. मग धुराचा काळा लोट आला, इंजिन गुदमरलं, बंद पडलं, आणि जीप मागे घसरायला लागली. एका बाजूला खाण. मी ओरडत धावलो, काय ओरडलो ते आठवत नाही. मागचं चाक एका दगडाला अडलं, आणि ब्रेकवर जवळजवळ उभा राहिलेला तो पांढराफटक पडून खाली उतरला. त्याने नाकाच्या तोंडातून मूठ मूठ पाकळ्या काढल्या. हाराकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

"काय झालं?" मालकांनी विचारलं.

"माझी चूक. तोंडाला जाळी लावायला पाहिजे होती."

हार काढल्यावर जीप एका दमात वर गेली. खाणवाला खूश झाला. पण मालकांच्या डोळ्यांसमोरून मागे घसरणारी गाडी हलेना. "ट्रायलला असा घोळ करणाऱ्याला शेड कशी देऊ?" म्हणाले, आणि मुलुंड मला दिलं. मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

शेड सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्या खाणवाल्याचा एक दोस्त आपली जीप घेऊन आला. तसंच नाक हवं म्हणाला. मी घाटकोपरला जाऊन त्याच्याकडे कागदाचं माप मागितलं. त्याने ते दिलंच, वर रविवारी स्वतः मुलुंडला येऊन रबर बसवून दिलं. गिऱ्हाईक आलं, सांध्यावरून हात फिरवत मला म्हणालं, "मिस्त्री, काय हात आहे तुमचा!"

मी "हं" म्हणालो.

तो कोपऱ्यात हात पुसत उभा होता. त्याने सगळं ऐकलं. मला वाटलं, आता बोलेल. बोलावंच, असंही वाटलं. तो हसला आणि त्या माणसाला म्हणाला, "मग! आमच्या गावचे मिस्त्री ते. मला यांनीच मुंबईला आणलं."

आणि ते तो मनापासून बोलत होता. त्या घटकेला मला त्याचा जेवढा हेवा वाटला, तेवढा आधी कधीच वाटला नव्हता.