एका नावाचे दोन

लातूरला माझ्या घरी मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर टाकायला जो आला, त्याच्या खिशावर 'सीनियर इंजिनियर' असं शिवलेलं होतं. त्याच्या दुकानात ज्युनियर कुणीच नव्हता. की-बोर्डला हात लावण्याआधी त्यानं बोटं पँटला पुसली.

सॉफ्टवेअर अर्ध्यात अडलं. त्याला स्वतःचा 'लेखणी' नावाचा फोल्डर करायचा होता, आणि त्या नावाचा एक आधीच होता. बायकोचा. वर्तमानपत्रांना लिहिलेली आणि कुणीच न छापलेली तिची पत्रं त्यात होती. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

"जुनं पुसून टाकू का, सर? सगळे तसंच करतेत."

त्यानं फोल्डर उघडून पाहिला आणि लगेच मिटला.

"ऱ्हाऊ द्या. आमच्यात आज्याचं नाव नातवाला ठिवतेत. पण सून सासऱ्याच्या नावानं हाक कशी मारंल? मग पोरालाच दुसरं नाव. म्हाताऱ्याला कोण नाव बदल म्हणतंय?"

त्यानं नव्या फोल्डरचं नाव 'बाळू' ठेवलं. सॉफ्टवेअर मुकाट्यानं चालू झालं.

आता मी रोज 'बाळू'मध्ये लिहितो. शेजारचा फोल्डर उघडत नाही. घरात हाक मारण्याजोगं तेवढंच एक नाव आहे, आणि ते ज्यानं ठेवलं त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.