शनवार तेल्याच्या घाण्यावरचे कागद

ठाण्यात बदली होऊन आल्यावर तिसऱ्या महिन्यात, एका सोमवारी, माझ्या इब्री-मराठी कोशाचे हस्तलिखित मी घराबाहेर काढले. स्वयंपाक्याला सांगितले, "पेटी रिकामी कर. कागद कुणालाही दे."

कल्याणच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा पाळक असताना अकरा वर्षे मी त्या कोशावर काम केले. सकाळी इब्री, म्हणजे यहुद्यांच्या जुन्या शास्त्रभाषेतला, शब्द घ्यायचा, अरबी आणि सुरियानी या तिच्या बहीणभाषांशी ताडून पाहायचा, संध्याकाळी आजाऱ्यांच्या भेटीस जायचे. माझे मराठी अक्षर वाईट, म्हणून अर्थ पत्नी लिहून घेई. खाडीचा वारा पाने उडवी. ती त्यांवर नदीतले गोटे ठेवी आणि बोरू कानाला अडकवून पुढच्या शब्दाची वाट पाही. ते दिवस अजून जसेच्या तसे आठवतात. ती तापाने गेली. त्यानंतर मी प्रार्थना म्हणत होतो, पण ती कुणी ऐकते असे वाटत नव्हते. तिचे अक्षर डोळ्यांसमोर नको झाले होते.

आठवडा गेला आणि मला केलेल्या गोष्टीची भीती वाटू लागली. स्वयंपाक्याने कागद बाजारात एका गाडीवानाला दिले होते. पुढचे त्याला ठाऊक नव्हते. मी चार दिवस दुकानोदुकान विचारले. पाचव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, पाळकपद सोडण्याचे पत्र लिहायला बसलो. ते अर्धे झाले असता दारात एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ हातात कागद घेऊन उभे राहिले. त्यांचे नाव एलोजी. ते बेने इस्राएल या कोकणातल्या यहुदी समाजाचे, तेलाचा घाणा चालवणारे. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. माझी त्यांची ओळख नव्हती.

"पाद्रीबाबा, आमची अक्षरं तुम्हांला वाचता येतात म्हणे. बघा, यात देवाचं नाव आहे का? नाहीतर कुणाच्या काढ्याच्या कृतीचा कागद मानानं पुरायचो आम्ही!"

कागद माझा होता.

पेंड बांधायला घेतलेल्या रद्दीत त्यांना तो गठ्ठा मिळाला होता. देवाचे नाव असलेला कागद त्यांच्यात जाळत नाहीत, टाकत नाहीत. जीर्ण झाला की कबरस्तानात पुरतात. एलोजींना अक्षरे ओळखू येत, अर्थ लागत नसे. म्हणून त्यांनी एकही पान न वापरता सगळा गठ्ठा रविवारी पुरायचे ठरवले होते.

मी त्यांच्याबरोबर घाण्यावर गेलो. त्यांच्या पत्नी राहेलबाई पाने निवडत होत्या.

"लिहिलं कुणी हे?"

"मी आणि माझ्या पत्नीने."

"अन् बाजारात टाकलं कुणी?"

"मीच."

"आम्हांला शास्त्र समजवायला येता, अन् देवाचं नाव रस्त्यावर टाकता? आमच्या घाण्याच्या बैलाला बरी अक्कल!"

"अगं, बायको गेलीय त्यांची," एलोजी हळूच म्हणाले.

राहेलबाईंनी पदराने पाट पुसून पुढे सरकवला. "बसा बाबा. धड आहेत ती घेऊन जा. तेलात भिजलेली मात्र पुरायचीच."

भिजलेली पाने उतरवून घेण्यापुरती मी मागून घेतली. घरी येऊन अर्धे पत्र फाडले. देवाकडे मी काही मागितले नव्हते, उलट मिळालेले टाकले होते. तरी ते परत आले. त्या संध्याकाळी मी गुडघे टेकले आणि आभारांखेरीज दुसरे शब्द सुचले नाहीत. आपल्या मुठीत काही राहत नाही, हे त्या वेळी मला प्रथमच दुःखाशिवाय कळले.

पाने उतरवायला दोन महिने लागले. मग ती भिजलेली मूळ पाने, पत्नीच्या अक्षरातली, एलोजींना दिली. पुढच्या रविवारी उपासना आटोपून मी त्यांच्या कबरस्तानात गेलो. त्यांनी गठ्ठा खड्ड्यात ठेवला आणि पहिली मूठ माती मला टाकायला सांगितली. मी ती टाकली.