भुयाराबाहेर ठेवलेला माणूस

कार्यक्रमाची मिनिटवार यादी मीच केली होती. त्यामुळे राग काढायचा तर पहिला माझ्यावरच काढायला हवा.

खाणीच्या स्टोअरमध्ये मी बावीस वर्षं काढली आहेत. डंपरच्या टायरपासून हेल्मेटच्या पट्ट्यापर्यंत काय कुठल्या रॅकवर आहे, हे मला तोंडपाठ असतं. म्हणून माजरीजवळच्या आमच्या वसाहतीत विहाराचं काही निघालं की वही माझ्याकडे येते. जपानहून बुद्धमूर्ती येणार आणि ती घेऊन तिकडचे एक भंते स्वतः येणार, हे ठरलं त्या दिवशी समितीचे अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुमी लिहा. बाकी आम्ही टाळ्या वाजवतो."

मी लिहिलं. भोजनदान बाराच्या आत, कारण भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत. मग वंदना, स्वागत, मूर्तीचं अनावरण, भंतेंचं प्रवचन, आभार. हारांसाठी सात मिनिटं ठेवली, कारण समितीतल्या प्रत्येकाला एकेक हार घालायचा होता. मांडव, सतरंज्या, पाण्याच्या कॅन, दुभाष्याला नागपूरहून आणायची गाडी, सगळं रकान्यांत बसवलं.

आत्या तेव्हा समोरच लसूण सोलत बसली होती. माझ्या वडिलांची ही मोठी बहीण. सत्त्याऐंशी वर्षांची आहे आणि वडील गेल्यापासून माझ्याकडेच राहते. ती म्हणाली, "मले त्यात दोन मिनिटं दे."

"कशाला?"

"त्या भंतेले एक गोष्ट विचाराची हाय. माह्या बापाची."

तिच्या बापाची, म्हणजे माझ्या आजोबांची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती आणि कोणी नीट ऐकलेली नव्हती. नागभीडकडच्या धानाच्या गावातून ते इंग्रजांच्या पलटणीत गेले, तेव्हा आत्या तीन वर्षांची होती आणि माझे वडील आजीच्या पोटात. सिंगापूर पडलं आणि ते जपान्यांच्या हाती लागले. पुढे काहीच कळलं नाही. लढाई संपल्यावर त्यांच्याच पलटणीतला, वरोऱ्याकडचा एक माणूस नागभीडला आगगाडीतून उतरून चालत गावात आला. आजीसमोर उकिडवा बसला आणि त्याने सांगितलं ते एवढंच.

कैद्यांना जहाजाच्या पोटात कोंबून कुठल्या तरी बेटावर नेलं. तिथे विमानं उतरवायची पट्टी बांधायची होती. जमीन चुन्यासारखी पांढरी, पण पायाला काचेसारखी कापणारी. अमेरिकेची विमानं यायची, पट्टीवर बॉम्ब टाकून जायची. लगेच कैद्यांनी टोपल्यांनी खड्डे भरायचे, की पुन्हा विमानं. मग एका सकाळी समुद्रावर जहाजंच जहाजं दिसली आणि बेटावर तोफांचा मारा सुरू झाला. जपानी शिपाई डोंगरात खोदलेल्या भुयारांत शिरले. ती भुयारंही कैद्यांनीच खोदलेली. कैदी मागून शिरायला गेले, तर तोंडाशी उभ्या असलेल्यांनी संगिनी रोखल्या. आजोबा माडांखाली पडून राहिले आणि तिथेच गेले. दोन दिवसांनी अमेरिकी सैनिक उतरले. त्यांनी या वरोऱ्याच्या माणसाला डब्यातलं मटण खाऊ घातलं, जहाजावर घेतलं. ज्या जहाजांनी त्याला वाचवलं, त्यांच्याच गोळ्यांनी माझे आजोबा मेले.

आजीला हे पटेना. तेव्हा त्या माणसाने पाय पुढे करून तळवे दाखवले. आत्या आठ वर्षांची होती. ती म्हणते, "त्याचं तोंड नाई आठवत मले. तळवे आठवतात. चाळनीवानी झाले होते."

मी तिला म्हणाले, विचारते समितीला.

आमचे अध्यक्ष माणूस वाईट नाहीत. खाणीतून निवृत्त झाल्यापासून मोबाईलवर युद्धाचे कार्यक्रम बघतात, हिंदीतले. अमेरिकेचं आरमार एकेक बेट घेत जपानकडे कसं सरकलं, कुठलं बेट घेतलं आणि कुठलं उपाशी मारायला मागे सोडलं, हे ते चहाच्या टपरीवर बशा मांडून दाखवतात. मी आजोबांचं सांगितलं, तर त्यांनी मान हलवली.

"मॅडम, मी सगळे भाग पाह्यले. बेटावर अमेरिका होती आन जपान होता. आपले लोक बर्मात होते. आत्याबाईची गल्लत होऊन राह्यली."

"वरोऱ्याचा माणूस खोटं सांगायला नागभीडपर्यंत कशाला येईल, भाऊ?"

"बरं, असन. पन पाहुण्याले असं विचारतात काय? अख्खी मूर्ती देऊन राह्यले ते आपल्याले. आन आपन म्हनाचं, तुमच्यानं आमचा मानूस मारला?"

पुढच्या रविवारी मी चंद्रपूरला गेले आणि ग्रंथालयात त्या समुद्रावरच्या लढाईचं एक जाडजूड पुस्तक घेऊन बसले. कोणत्या जहाजावर किती तोफा, कोणत्या किनाऱ्यावर किती अमेरिकी पडले, किती जपानी पडले, सगळं होतं. एका बेटावर माडांची किती झाडं मोडली तेसुद्धा होतं. धावपट्ट्या कैद्यांकडून बांधून घेतल्या, हे अर्ध्या ओळीत होतं. कैदी कोण, कुठले, त्यांचं पुढे काय झालं, काही नाही. मी शेवटची सूची दोनदा तपासली. माझ्या स्टोअरमध्ये एक वॉशर कमी भरला तर मला लेखी खुलासा द्यावा लागतो. इथे माणसं कमी होती आणि कोणाकडे खुलासा मागितला गेला नव्हता. परतीच्या बसमध्ये मी दात आवळून बसले होते.

तरीही घरी येऊन आत्याला मी काय सांगितलं? "यादी छापायला गेली, आत्या. आता बसत नाही." छापायला गेली होती हे खरं. पण एक फोन केला असता तर बदलता आली असती. मी केला नाही. मला कार्यक्रम वेळेत संपवायचा होता आणि अध्यक्षांशी वाद नको होता. आत्याने सोलत असलेला लसूण बाजूला ठेवला. लसणाची सालं सुपात गोळा करून बाहेर टाकून आली.

कार्यक्रमाच्या दिवशी ती पहाटेच पांढरं लुगडं नेसून तयार होती. मी तिला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. भंते पन्नाशीचे असतील, बारीक अंगाचे, सारखे हात जोडणारे. मूर्ती सुंदर होती, हेही लिहिलं पाहिजे. अनावरण झालं तेव्हा माझेही डोळे भरले. छप्पन्न साली दीक्षा घेऊन माझी आजी गावी परतली, तेव्हा तिच्याकडे बुद्धाचं एक चित्र होतं, कागदावरचं. ती हे बघायला हवी होती. आणि आजोबांनी तर तेही पाहिलं नाही.

हारांना सातऐवजी एकोणीस मिनिटं लागली. म्हणून दोन वाजता प्रवचन संपायला हवं होतं, ते निम्म्यावरच होतं. आणि दोनला भोंगा झाला.

आमच्याकडे ब्लास्टिंगची वेळ ती. उघड्या खाणीत बारूद उडवायच्या आधी भोंगा वाजतो, लाल झेंडे लागतात, रस्ते अडवतात आणि आतला एकूण एक माणूस बाहेर आल्याची खात्री केल्याशिवाय बटण दाबत नाहीत. वसाहतीतली पोरंसुद्धा त्याकडे मान वळवत नाहीत. पण भंते दचकले. बोलायचे थांबले आणि दुभाष्याकडे वळले.

अध्यक्षांनी लगेच माईक घेतला. दुभाष्या हिंदीतून जपानीत सांगत होता. अध्यक्ष अभिमानाने म्हणाले, "भंतेजी, घबराइए मत. हमारे यहाँ पहले आदमी निकालते हैं, फिर बारूद. एक भी आदमी बाहर निकालना बाकी हो तो रुक जाते हैं."

दुभाष्याने ते सांगितलं. भंतेंनी कौतुकाने मान हलवली. आणि आत्या उठली.

माईक नव्हता तिच्याकडे, पण आवाज होता. "भंतेजी, मीबी हेच विचारतो. अमेरिकेचे गोळे पडून राह्यले होते, तवा तुमचे लोक भुयारात गेले. भुयार माह्या बापानं खोदलं होतं. मंग त्याले बाहेर काऊन ठेवलं?"

दुभाष्याला मराठीही समजत होतं, नागपूरचाच होता. तो भंतेंकडे वळून दोन-तीन शब्द बोलला. भंते हसले आणि आत्याला हात जोडले.

एवढा मोठा प्रश्न तीन शब्दांत कसा गेला? आयुष्यात माझं डोकं एवढं कधी फिरलं नव्हतं. मी मंचाच्या पायरीवर गेले आणि म्हणाले, "काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

"ताई, आजींनी आशीर्वाद मागितला, असं..."

"तिने आशीर्वाद मागितला नाही. ती जेवढं बोलली तेवढं सांगा. पहिल्यापासून. घाई नाही, माझ्या यादीत वेळ आहे."

नव्हता. मी सरळ खोटं बोलले.

तेवढ्यात अध्यक्ष उरलेला एक हार घेऊन आत्याकडे निघाले. सत्कार करून विषय मिटवायचा विचार असावा. आत्याने त्यांना हातानेच थांबवलं. "हार कायले, भाऊ? बसा तुमी. मी काई लगनाले नाई आली."

मागे कोणीतरी हसलं. दुभाष्याने कपाळ पुसलं आणि सांगायला लागला. या वेळी बराच वेळ बोलला. मध्येच मला विचारलं, पट्टी कशी, भुयार कोणी खोदलं. मी वरोऱ्याच्या माणसाने सांगितलेलं सगळं सांगितलं, तळव्यांसकट. भंतेंचे जोडलेले हात हळूहळू सुटले. खाणीत स्फोट झाला, मांडवाचे पत्रे थरथरले. या वेळी ते दचकले नाहीत.

मग ते बोलले. दुभाष्या म्हणाला, "त्यांच्या आजोबांचे भाऊही अशाच एका बेटावर गेले, परत आले नाहीत. भंते म्हणतात, तुमच्या वडिलांचं नाव कागदावर लिहून द्या, रोजच्या प्रार्थनेत घेईन."

"नाव घ्याच," आत्या म्हणाली. "पन मी नावाचं नाई विचारलं. काऊन ठेवलं, ते विचारलं."

दुभाष्याने सांगितलं. भंतेंनी एकच शब्द उच्चारला.

"त्यांना माहीत नाही."

"हो, त्याईले कसं माईत असन," आत्या म्हणाली आणि खाली बसली. "पन माईत नाई, हेबी आजपर्यंत कोनी नाई सांगतलं मले."

भंतेंचा मला राग नाही. तो माणूस तेव्हा जन्मलाही नव्हता आणि त्याने टाळलं नाही. राग आहे तो आमच्यावर. पाहुण्याचं मन जपायला आम्ही एका म्हातारीचं तोंड बंद करायला निघालो होतो आणि ते नेटकेपणाने करायचं काम माझ्याकडे होतं.

दोन दिवसांनी मी इतिवृत्त लिहून अध्यक्षांकडे नेलं. त्यांनी वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "बाकी झकास हाय. तेवढा आत्याबाईचा भाग गाळा. उद्या कोनी वाचन, तं काय म्हनन?"

"झालं ते लिहिलंय, भाऊ. प्रश्न कोणी विचारला, काय विचारला, उत्तर काय मिळालं."

"मंग मी सई नाई करत."

"नका करू. मी पान बदलत नाही."

वही माझ्या कपाटात आहे, किल्ली माझ्याकडे. नवीन मूर्तीसमोर रोज वंदना होते, अध्यक्ष आणि मी एकाच सतरंजीवर बसतो आणि एकमेकांशी पाण्याच्या कॅनपुरतं बोलतो. दोनचा भोंगा झाला की आत्या दारात येऊन उभी राहते. सुट्टीच्या दिवशी मी घरी असले की विचारते, "केली का त्यानं सई?"

मी नाही म्हणते. मग ती स्फोट होईपर्यंत तिथेच थांबते.