सोडणारी जाळी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी मिरकरवाड्यातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये ट्रॉलरच्या इंजिनाशी झटत होतो. "भावजी, गेले हो..." एवढंच म्हणाल्या. अनंता गेला. माझा शाळेपासूनचा दोस्त, रत्नागिरीतला सर्जन आणि एक नंबरचा हट्टी. महिना उलटला, तरी त्याच्यावरचा माझा राग जात नाही. असं अर्धवट टाकून जातात काय रे?

पित्तनळीतला खडा पोट न फाडता काढायचा, तर तोंडातून दुर्बीण घालतात आणि तिच्यातून बारीक तारेची जाळी. जाळीत खडा धरायचा नि ओढायचा. संगमेश्वरच्या त्याच्या मावशीचा खडा निघाला मोठा. जाळी बाहेर येईना आणि खडा सोडीना. शेवटी पोट फाडावंच लागलं, त्यातून मावशी काही उठली नाही. तेव्हापासून अनंताला एकच ध्यास... अडलीच, तर खडा सोडून देणारी जाळी. तारा तो मुंबईहून मागवायचा. मूठ आणि खटका माझ्याकडून करून घ्यायचा.

मग माझ्या टेबलावर पित्तनळीसकट बोकडाची कलेजी मांडून आमचे प्रयोग. खडा म्हणून आधी जांभ्या दगडाचे तुकडे घातले, त्यांचा आतच भुगा झाला! कप्पाळ! मग तुरीचे दाणे. जाळी बहुतेक वेळा सोडायची, पण मधूनच घट्ट धरून बसायची. मी वैतागून म्हणायचो, "आता पुरे की!"

"आणि नेमकी तेव्हा तुझी मावशी असली तर?"

की मी परत खटका खोलायला घ्यायचो, कप्पाळ!

मग त्यालाच कावीळ झाली. मी येडा, म्हटलं खडाच असणार. तो म्हणाला, "खडा नाही रे सदा, गाठ आहे. जाळीने धरण्यासारखं काही नाही." मी तिथेच रडलो. तो मात्र शेवटपर्यंत खटक्याचंच विचारत राहिला.

तो गेल्यावर मी सगळं कपाटात कोंबलं. डॉक्टरच नाही, तर मी एकटा काय दिवे लावणार? परवा वहिनी दारात उभ्या. त्यांच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही, म्हणून तर सगळा कारभार माझ्याकडे होता. हातात काळी पिशवी, तोंड दुसरीकडे.

"नळी कापायला सुरी घेतलीन खाटकाने. ओरडलेच मी," त्या म्हणाल्या. पिशवी टेबलावर ठेवून त्यांनी स्टूल ओढलं.

"करा सुरू, भावजी. कुठे अडते ते मला बघायचंय."