बनाबाईचा हॉर्न

दुसरबीडच्या स्टँडजवळ शकीलचं दुकान आहे, गाड्यांच्या वायरिंगचं. त्याला लागून माझं पानाचं. मधे नुसता एक पत्रा, आणि शकीलचा आवाज त्या पत्र्याला जुमानत नाही. गाडी अजून रस्त्यावर असते तेव्हाच हा तिचा रोग सांगून मोकळा होतो, आणि निदान चुकलं तरी त्याचा आवाज खाली येत नाही. माणूस मनाचा साफ, पण बढाईखोर. मला त्याचा संताप येतो, आणि एखाद दिवस त्यानं दुकान उघडलं नाही तर करमतही नाही.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सकाळी रामरावांची पांढरी ॲम्बेसेडर दुकानापुढे येऊन थांबली. ही गाडी त्यांनी ऐन जवानीत घेतली आणि घरच्या बैलासारखी जपली. रामराव स्टीअरिंगच्या मधलं बटण दाबत होते आणि गाडी मुकीच.

"शकील, हॉर्न गेला बे. अन् आज बनाबाईले आनाले जायचं हाय."

बनाबाई म्हणजे त्यांची थोरली बहीण, लोणारला दिलेली. दर दिवाळीला रामराव तिला भाऊबीजेसाठी माहेरी आणतात. तिच्या गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून ते कोपऱ्यावर थांबून हॉर्न वाजवतात आणि ती पिशवी घेऊन बाहेर येते. आता तिला जवळजवळ दिसत नाही, तरी भिंतीला हात लावत एकटीच येते. कुणी हात धरायला गेलं की तिचा पारा चढतो.

"दारात घ्याले गेलो त तिले वाटीन, रामानंही मले आंधळी समजली," रामराव म्हणाले. "तेवढं मले तिच्या मनात नाही येऊ द्यायचं."

शकीलनं बोनेट उघडायच्या आत निकाल दिला. "उंदरानं वायर खाल्ली, काका. लिहून ठेवा."

वायर शाबूत निघाली.

"मंग फ्यूज गेला."

फ्यूजही धडधाकट. मी पत्र्याआडून म्हटलं, "आता बॅटरीच्या माथी मार." त्यानं माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं आणि बॅटरीवरून एक वायर थेट हॉर्नला लावली. हॉर्न असा ओरडला की माझ्या हातातलं पान चुन्यासकट खाली पडलं. म्हणजे हॉर्न ठणठणीत होता. करंट अडत होता तो बटणाशी.

बटण उघडलं तर आत कुंकू, हळद, तांदळाचे दाणे, सगळं तेलात घट्ट बसलेलं. रामरावांच्या पत्नी रुखमाबाई दर दसऱ्याला गाडीची पूजा करतात, आणि हळदकुंकू लावायला त्यांना नेमकी हीच जागा सापडली होती.

"काकूले सांगजा," शकील म्हणाला, "हे गाडीचं तोंड हाय. कुंकू तोंडात कोन घालते? कपाळाले लावतात. बोनेट म्हंजे कपाळ."

रामराव डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. शकीलनं बटणातले पॉइंट घासून लख्ख केले. तेवढ्यावर थांबेल तर तो शकील कसला! हॉर्नच्या मागचा स्क्रू फिरवून फिरवून त्यानं आवाजही असा खणखणीत लावला की स्टँडवरची माणसं वळून पाहू लागली. "आता ट्रकही साइड देईन!" वाटेत दगा होऊ नये म्हणून रामरावांनी त्यालाच सोबत घेतलं. माझं काही काम नव्हतं, पण मीही शटर ओढून मागे बसलो.

लोणारला कोपऱ्यावर गाडी थांबली. रामरावांनी झोकात हॉर्न दिला. गल्लीतून कुणी आलं नाही. पुन्हा दिला, लांब. एक कुत्रं तेवढं उठून दुसरीकडे जाऊन बसलं. रामरावांचा चेहरा उतरला.

"आता कानही गेले का तिचे..." ते पुटपुटले. त्यांनी गाडीचं दार उघडलं, पण पाय खाली टाकवत नव्हता.

"काका," शकील एकदम म्हणाला, "पह्यले कसा वाजे हा?"

"घसा बसल्यावानी. लय वर्षांपासून तसाच."

शकीलनं कपाळावर हात मारला, पाना-पेचकस घेऊन उतरला आणि बोनेट वर केलं. स्वतःचं काम बिघडवताना मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. "वाजवा. नाही, अजून चांगला हाय. थांबा. आता वाजवा." शेवटी हॉर्न म्हाताऱ्या रेड्यासारखा घोगरा हंबरला.

लगेच गल्लीत कडी वाजली. नवं लुगडं, काखेत पिशवी, एक हात भिंतीवर. बनाबाई सरळ गाडीपाशी आली आणि सुरूच झाली.

"काऊन रे रामा, इतका उशीर? मी केव्हाची तयार होऊन बसून राह्यली. अन् हा कोन गाडीवाला मघापासून बोंबलून राह्यला व्हता? कान किटले माये!"

रामरावांना हसू आवरेना आणि रडूही. शकीलनं अदबीनं मागचं दार उघडून धरलं.

"होता एक येडा, मावशी," तो म्हणाला. "गेला तो."